उमरग्याकडचा बाण

नंदाक्कांची नोकरी एका शब्दापायी गेली. तो शब्द शिवी नव्हता. 'उमरग्याकडं' एवढाच तो शब्द होता.

आजही आमच्या साखर कारखान्यावर त्यांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "लई भांडकुदळ बाई." भांडकुदळ होत्याच. मी कशाला नाही म्हणू? पण कशासाठी भांडायच्या हे कुणी सांगत नाही, आणि चारचौघांत सांगायला माझं तोंड उघडत नाही. म्हणून घरी बसून, माझ्यापुरतं लिहिते आहे.

कारखान्याच्या बॉयलरमागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. वाफेच्या आणि पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या ठेकेदाराचं ते ऑफिस. त्यांना सगळे मालक म्हणत. मी तिथं झाडलोट करायची, चहा करायची आणि ड्रॉइंगच्या घड्या घालायची. मोठा कागद असा दुमडायचा की खालच्या कोपऱ्यातली चौकट वर आली पाहिजे. त्या चौकटीत कारखान्याचं नाव, पाइपाचा नंबर आणि ड्रॉइंग कुणी काढलं त्याचं नाव असतं. ही घडी मला अक्कांनी शिकवली. पहिल्या दिवशी मी साडीसारखी घडी घातली तर म्हणाल्या, "सुशीला, ही साडी न्हाय. ह्याचं तोंड झाकू नगं."

अक्का उमरग्याच्या. घरी कानडी, बाहेर मराठी. कपाळाला विभूतीची पट्टी, चष्म्याला काळी दोरी, आणि डब्यात कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी. रोज सकाळी उमरग्याहून एसटीनं यायच्या आणि दिवस उतरला की त्याच रस्त्यानं परत जायच्या. पाइपांची ड्रॉइंगं काढणं हे त्यांचं काम. आधी हातानं काढायच्या, नंतर कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरसमोर बसल्या की त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकू यायचे. एक 'बिडू', दुसरा 'इरली'. बिडू म्हणजे सोड, काढून टाक. इरली म्हणजे असू दे. कानडी न येणाऱ्यालाही हे दोन शब्द आठवड्यात पाठ व्हायचे.

मला आधी वाटायचं, ड्रॉइंग म्हणजे जे आहे ते सगळं काढायचं. तसं नसतं. एका पाइपाच्या कागदावर काय पाहिजे आणि काय नको, ह्यावरच अक्कांचा सारा दिवस जायचा. नवीन कुणी इंजिनिअर कामाला लागला की तो हौसेनं सगळं काढायचा. बोल्टाचा प्रत्येक आटा, शेजारची शिडी, शिडीच्या पायऱ्या, शेडचे पत्रे. अक्का मागं उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हे कुणासाठी? कापणाऱ्यासाठी, जोडणाऱ्यासाठी, का चालवणाऱ्यासाठी?" ह्या तिघांतल्या एकाचंही नाव घेता आलं नाही की, "बिडू."

एकदा असाच एकजण रुसला. म्हणाला, "मॅडम, माहिती जास्त असली तर बिघडलं काय?"

अक्कांनी मला हाक मारली. मी हातात कपबशा घेऊन उभी.

"सुशीला, पोराला गिरणीवर धाडताना काय सांगतीस?"

"ज्वारी बारीक दळून आण म्हणते."

"डबा निळा हाय, ते सांगतीस?"

"डबा त्याच्या हातातच असतोय की."

"झालं!" असं म्हणून त्यांनी त्या इंजिनिअरच्या पाठीत थाप मारली. "तुमी निळा डबा काढलाय, साहेब. आणि बारीक दळायचं ऱ्हायलंय." खरंच, पाइपाला उतार किती द्यायचा ते तो लिहायचं विसरला होता. तोही हसला, मीही हसले, आणि कपबशी फुटता फुटता वाचली.

छापलेला कागद अक्का टेबलावर कधी तपासत नसत. जमिनीवर अंथरायच्या आणि त्याच्याभोवती फिरायच्या. एका बाजूनं बघायच्या, मग दुसऱ्या, मग उलट्या बाजूनं. माझा झाडू तेवढा वेळ अडायचा. मालक म्हणायचे, "नंदाबाई, परदक्षिणा झाली असंल तर कागद उचला." अक्का मान वर न करता सांगायच्या, "जोडणारा कुठल्या अंगानं बघंल ते मला काय ठावं? तो काय खुर्चीवर बसून जोडणार हाय?"

आणि भांडण म्हणाल तर ते असं असायचं. एका व्हॉल्व्हची उंची ठरवायची होती. अक्कांनी मला दारात उभी केली, हात वर करायला लावला आणि माझ्या बोटांच्या टोकाशी चौकटीवर खडूनं रेघ मारली. व्हॉल्व्ह ह्याच्या खाली आला पाहिजे, म्हणाल्या.

मालक हसले. "साडीतली बाई येणार हाय व्हय व्हॉल्व्ह फिरवायला?"

"आज येत न्हाय. उद्या आली तर शिडी तुमी धरणार का?"

 व्हॉल्व्ह खाली आला. मला मात्र किती दिवस त्या रेघेखालून जाताना लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

आता मस्तानचाचांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मस्तानचाचा आमच्या फिटरांचे मुकादम. नळदुर्गचे. अंगानं बारीक, आवाजानं मोठे. त्यांना अक्का चाचा म्हणायच्या आणि ते अक्कांना नुसतं नंदा म्हणायचे. दुसऱ्या कुणाची तशी छाती नव्हती. उन्हाळ्यात गाळप बंद असतं, तेव्हा पाइपांची कामं निघतात. त्या उन्हाळ्यात बॉयलरपासून वाफेची एक लाइन टाकायची होती. कागदावर लिहिलं होतं की लाइन अमुक खांबापासून उत्तरेला वळवायची.

प्रत्येक ड्रॉइंगवर उत्तर दाखवणारा एक बाण असतो. पण आमच्या कारखान्याचं शेड दिशांना धरून बांधलेलं नाही, तिरकं आहे. त्याची एक बाजू उमरग्याकडं तोंड करून आहे आणि दुसरी तुळजापूरकडं. खरी उत्तर ह्या दोन्हींच्या मधे कुठंतरी पडते. तशी धरली तर सगळी मापं तिरकी येतात. म्हणून कागदावर उमरग्याची बाजू हीच उत्तर, असं ठरवून टाकलेलं होतं. मोठमोठ्या कारखान्यांत असंच करतात म्हणे.

हे ठरवलेलं पहिल्या मोठ्या नकाशावर होतं. फिटरांच्या हातात जाणाऱ्या छोट्या कागदांवर मात्र नुसता बाण होता. छोट्या कागदांच्या कोपऱ्यातही आधी तो नकाशा काढलेला होता. अक्का तो बघून म्हणाल्या होत्या, "प्रत्येक कागदावर आख्खा कारखाना कशाला? बिडू."

चाचांनी काय केलं, तर शाळेत शिकवलेलं केलं. मलाही चौथीत तेच शिकवलं होतं. उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला उत्तर. चाचा सकाळी सूर्याकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी डावा हात पसरला. पण उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडं सरकून उगवतो. त्याच्याबरोबर चाचांचा हातही सरकला आणि तुळजापूरच्या बाजूला गेला. लाइनही तिकडंच गेली. टेकू उभे राहिले, पाइप चढले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की समोर जोडायला काहीच नाही.

क्रेन पुन्हा बोलवावी लागली. कारखान्याचे लोक चिडले. फिटरांतला एकजण म्हणाला, "देवीकडंच गेलीय लाइन, दर्शन घिऊन यील माघारी." तेव्हा कुणी हसलं नाही.

अक्का मालकांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "चूक माझी हाय. नकाशा म्या काढून टाकला. कागदावर नाव माझं हाय, तिथं बोट ठेवा."

"तुमी कागद काढला, बाई. पाइप चाचानं चढवला. त्यानं इचारायचं हुतं."

"ज्याला शंका आली न्हाय त्यो काय इचारंल?"

पण कारखान्याला दाखवायला कुणीतरी पाहिजे होतं. मालकांनी चाचांना घरी पाठवलं. चाचांनी आरडाओरडा केला नाही. जाताना ऑफिसच्या दारात थांबले, आपल्या डाव्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "नंदा, ह्या हातानं मला कधी फसवलं न्हवतं गं."

अक्कांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक कागदावर बाणाच्या टोकाशी मराठीत एक शब्द यायला लागला. 'उमरग्याकडं'. तो शब्द लिहिताना त्या दरवेळी मोठ्यानं म्हणायच्या, "इरली." कुणाला ऐकवायचं होतं ते सगळ्यांना कळत होतं.

मालकांना तो शब्द खुपायचा. "हे ड्रॉइंग हाय का एसटीचा बोर्ड?"

"एसटी तरी बोर्ड लावती. म्हणून चुकीच्या गावाला जात न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यानं नवी मोठी लाइन टाकायला काढली, आणि ह्या वेळी ड्रॉइंगं तपासायला पुण्याची एक कंपनी नेमली. आमचे कागद पुण्याला गेले आणि परत आले तेव्हा प्रत्येकावर त्या शब्दाभोवती लाल गोल होता. शेजारी लिहिलेलं, 'काढून टाका'.

अक्कांनी सगळं दुरुस्त केलं, जे जे सांगितलं होतं ते. एक टेकू हलवला, एक माप बदललं. शब्द तेवढा ठेवून कागद परत धाडले. ते पुन्हा लाल गोल घेऊन आले. मालकांचा जीव खालीवर व्हायला लागला, कारण पुण्याचा शिक्का बसल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं आणि फिटरांची नवी टोळी येऊन बसलेली होती. मालक म्हणाले, "आता तिसऱ्यांदा आलं तर माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय, नंदाबाई. तुमचं तुमी बघा." म्हणजे काय ते मला चहा गाळता गाळता कळलं.

मग पुण्याचे साहेब स्वतःच आले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते तसे नव्हते. बूट बाहेर काढून आत आले, माझ्या हातून चहा घेतला आणि आभार मानले. अक्कांना म्हणाले, "मॅडम, तुमचं ड्रॉइंग फार स्वच्छ आहे. मी उगाच अडवत नाही. पण हे पाइप आधी पुण्याच्या वर्कशॉपमध्ये कापले जाणार. तिथल्या माणसाला उमरगा कुठं आहे ते माहीत नाही. त्याच्या दृष्टीनं हा शब्द म्हणजे अडगळ आहे."

"बरोबर हाय," अक्का म्हणाल्या. "कापणाऱ्यासाठी बिडू. त्याला नुसती लांबी पायजे. पण जोडणारा इथं उभा ऱ्हातो. त्याच्यासाठी इरली. तुमी म्हणाल तर दोन कागद करते. एक पुण्याचा, एक इथला."

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "एकाच पाइपाचे दोन कागद झाले की एकावर दुरुस्ती होते आणि दुसऱ्यावर राहून जाते. मग आणखी मोठी चूक होते. मी ती पाहिलेली आहे."

  जमिनीवर अंथरलेल्या कागदाभोवती अक्कांनी एक फेरी मारली.

"हे खरं हाय," म्हणाल्या. "दोन कागद नकोत. मग एकच कागद, आणि त्यावर ह्यो शब्द. कापणाऱ्याला त्यो अडगळ हुईल. अडगळीनं पाइप उलटा जात न्हाय."

"पण फिटर तरी सगळे इथलेच असतात का? उद्या बिहारहून टोळी आली तर?"

"बिहारहून येऊ द्या. उमरग्याच्या एसटीतनंच उतरणार न्हवं?"

साहेबांना हसू आलं. हसले, तरी हलले नाहीत. "मॅडम, नियमाप्रमाणं बाण आणि उत्तरेचं अक्षर, एवढंच. प्रत्येक गावाचा शब्द यायला लागला तर आम्ही तपासायचं काय?"

"मागल्या वर्षी नेमानंच बाण हुता, साहेब. नेमानं माणूस घरी गेला."

मालक मधे पडले. "चाचाचा विषय इथं कशाला? नंदाबाई, शब्द काढा. आत्ता काढा. साहेबांना परत जायचंय."

अक्का कॉम्प्युटरपुढं जाऊन बसल्या. मला वाटलं, संपलं. मालकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी रुमालानं मान पुसली. अक्कांनी पडद्यावरचा कागद मोठा केला. पण बाणापाशी गेल्या नाहीत. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीपाशी गेल्या. तिथं त्यांचं नाव होतं. सगळं नाव, वडिलांच्या नावासकट. त्याच्याकडं बघत त्यांनी आपला नेहमीचाच प्रश्न विचारला, पण ह्या वेळी स्वतःला.

"हे कुणासाठी?"

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"नाव कशाला असतंय कागदावर? चुकलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. मागल्या वर्षी माझं नाव हुतं आणि धरलं चाचाला. मग ह्या नावाचा उपेग काय?" त्यांनी बोट दाबलं. "बिडू."

चौकट रिकामी झाली.

"आता शब्द तुमी काढा," म्हणाल्या. "माझ्या हातानं त्यो जाणार न्हाय."

मालकांचा आवाज चढला. "नाव निघालं तर कामबी निघालं, समजा."

"व्हय. समजले."

पुण्याचे साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, एवढं टोकाला नका जाऊ," म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे मी सांगते, कारण त्यांच्याविषयी खोटं लिहायचं मला कारण नाही. अक्कांनी त्यांना हात जोडले. "साहेब, तुमचं चुकतंय असं म्या म्हणत न्हाय. तुमी तुमच्या जागी उभं ऱ्हाऊन बगताय. माझी जागा येगळी हाय."

मग त्यांनी चष्मा पुसला, डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाल्या, "घडी नीट घाल गं. तोंड वर ठेव."

त्या बाहेर पडल्या. मागं दुसऱ्या कुणीतरी तो शब्द पुसला, साहेबांनी सही केली, यंत्रातून कागद निघाला. मी त्याची घडी घातली. तोंड वर ठेवलं. काढणाऱ्याच्या नावाची चौकट कोरी होती. कोऱ्या चौकटीची घडी मी त्याआधी कधी घातली नव्हती. बोटांना काही वेगळं लागत नाही, पण डोळ्यांना लागतं.

मालक म्हणाले, "हे नेऊन दे मुकादमाला." नवा मुकादम बसवकल्याणचा, शरणप्पा. नुकताच आलेला. बॉयलरसमोर पाइपांच्या उंच मांडवाखाली त्याची माणसं बसली होती. मी कागद दिला. त्यानं उघडला, बाण बघितला, शेडकडं बघितलं, पुन्हा बाण बघितला. ऊन उतरायला लागलं होतं. तो सूर्याकडं पाठ करून उभा राहिला आणि त्यानं डावा हात पसरला.

अगदी मस्तानचाचांसारखाच. मी सांगू शकले असते का? तोंडापर्यंत शब्द आलाही असेल. पण त्याआधी फाटकाच्या बाजूनं आवाज आला.

"शरणप्पा! हात खाली कर!"

अक्का होत्या. कारखान्याच्या फाटकापासून उमरग्याचा रस्ता मांडवाच्या रेषेतच सरळ निघतो, दोन्हीकडं ऊस आणि मधे काळा डांबरी पट्टा. त्या फाटक ओलांडून गेल्या होत्या आणि मागं वळून बघत होत्या. मला वाटतं, त्या कागद मांडवाखाली येईपर्यंत थांबल्या असाव्यात. एसटीला अजून वेळ असावा, नाहीतर त्या दिवशी त्यांना एसटी नकोच होती.

शरणप्पानं कागद वर धरला. "अक्का, उत्तर कुठली म्हणायची?"

"मी चाललेय ती!"

एवढंच म्हणाल्या. मग पाठ फिरवली आणि चालायला लागल्या, उमरग्याकडं. काखेत पिशवी, डोक्यावर पदर. चाल नेहमीचीच होती. सावकाश नाही आणि घाईची तर नाहीच.

मांडवाखालची सगळी माणसं उभी राहून बघत होती. शरणप्पानं हातातला कागद फिरवला. थोडा इकडं, थोडा तिकडं, आणि मग कागदावरचा बाण त्यानं अक्कांच्या पाठीशी नेमका जुळवला.